पाटीवर एक ओळ जास्त लिहा

श्रावण लागला की बाजारपेठेतल्या दुकानांच्या काचांवर पाट्या दिसू लागतात. ‘कामाला मुलगा पाहिजे.’ ‘काउंटरसाठी मुली पाहिजेत.’ कुठे पुठ्ठ्यावर स्केचपेननं, कुठे मिठाईचा खोका उलटा करून त्यावर. राखी, गणपती, नवरात्र, दिवाळी, सगळा सीझन तोंडावर आलेला असतो आणि हात कमी पडणार हे दुकानदाराला आत्ताच दिसत असतं. श्रावण ते दिवाळी, जेमतेम तीन महिने. माझं मागणं या तीन महिन्यांपुरतं आहे, आणि यंदाच्याच तीन महिन्यांसाठी आहे. पाट्या लागायला सुरुवात झाली, म्हणून घाईनं लिहिते आहे.

मी विशेष शिक्षिका. ठाणे-कल्याण पट्ट्यात २८ वर्षं लिहिता-वाचताना अडणाऱ्या मुलांना शिकवते. दहावीच्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा होता. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी आली की चेन सैल आहे की टॅपेट वाजतोय, हे तो खिडकीत बसून आवाजावरून सांगायचा. बारावी झाला आणि बाविसाव्या वर्षी एका स्पेअर पार्टच्या दुकानात लागला. पार्ट हातात घेतला की गाडी कोणती, मॉडेल कोणतं, हे त्याला पाकीट न वाचता कळे. तरी नवव्या दिवशी तो घरी होता.

झालं असं, की शेठ फोन खांद्याशी धरून गिऱ्हाइकाचा नंबर मोठ्यानं बोलायचे. ‘लिही रे, अठ्ठ्याण्णव, सत्तावीस, त्रेपन्न...’ मुलगा कानावर पडेल तसं लिहायचा. अठ्ठ्याण्णवमध्ये आधी आठ ऐकू येतो, म्हणून ८९. सत्तावीसमध्ये आधी सात, म्हणून ७२. त्रेपन्नचे ३५. चार दिवस चुकीच्या माणसांना फोन गेले, एका गॅरेजच्या क्लच प्लेटा दुसऱ्याच गॅरेजला पोचल्या. मी भेटायला गेले तेव्हा शेठ म्हणाले, ‘पोरगा गुणी आहे हो बाई, पण बारावी झालेल्याला फोन नंबर लिहिता येत नाही, याला काय म्हणायचं?’ माणूस वाईट नव्हता. आठ दिवसांचा पगार त्यांनी चोख दिला होता, वर चहा पाजला. मुलगाही वाईट नव्हता. दोघांच्या मध्ये आपली मराठी अंकमोजणी उभी होती आणि ती दोघांनाही दिसत नव्हती.

सत्तावीस म्हणताना सात आधी आणि लिहिताना नंतर. एकोणतीस म्हटलं की कानाला तीस ऐकू येतो, लिहायचे असतात २९. कानडीत, तेलुगूत दशक आधी बोलतात. ज्याचा मेंदू हा उलटसुलट व्यवहार आपोआप उरकतो, त्याला तो जाणवतच नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीनं ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली, आठवत असेल. पार विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर कोटी झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं बऱ्याच मुलांना जड जातात. ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. माझ्याकडची एक आठवीतली मुलगी मात्र तेव्हा म्हणाली, ‘बाई, हे आधीच का नाही सांगितलं कुणी? मला वाटायचं, मीच उलटी आहे.’

या अडचणीचं सरकारी नाव विशिष्ट अध्ययन अक्षमता. घराघरात म्हणतात ‘एलडी’. वाचनात अडतं तो डिस्लेक्सिया, लेखनात अडतं तो डिसग्राफिया, आकड्यांत अडतं तो डिसकॅल्क्युलिया; पुष्कळांच्या वाट्याला दोन-तीन एकदम येतात. ही मुलं मंदबुद्धीची नसतात. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली आहे, हे पाहूनच निदान होतं. डोळे-कान ठीक, शाळा मिळालेली, तरी छापलेलं अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड बसायला वेळ लागतो. त्यात देवनागरीत पहिली वेलांटी काढायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. रफार ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्याही आधी म्हणायचा. ‘तारे जमीं पर’ २००७ साली आला आणि त्यातला ईशान घरोघरी पोचला. तो आठ-नऊ वर्षांचा पोरगा आज पंचविशी ओलांडून गेला असता. त्याला पुढं कामाला कुणी ठेवलं, यावर कुणी सिनेमा काढला नाही.

आपल्या देशातल्या निरनिराळ्या पाहण्या शाळकरी मुलांत हे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान सांगतात. खालचाच आकडा धरा. वीस मुलांमागे एक. तुमच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये, हॉटेलात आजवर वीस पोरं काम करून गेली असतील, तर त्यातला एक बहुधा तुम्ही पाहिलेला आहे. आणि बहुधा काढून टाकलेला आहे.

महाराष्ट्रानं या मुलांसाठी देशात सगळ्यांच्या आधी पाऊल उचललं, हे अभिमानानं सांगायला हवं. १९९६ साली राज्य सरकारनं त्यांना परीक्षेत रीतसर सवलती दिल्या: जास्तीचा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी, बीजगणित-भूमितीच्या जागी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि कार्यानुभव. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणीसाठी बदलापूर-टिटवाळ्याच्या आया पहाटेची लोकल पकडून जायच्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींबरोबर मी गेलेली आहे, डब्यात पोळीभाजी बांधून, कारण नंबर कधी लागेल सांगता येत नसे. त्या सवलतींच्या आधारानं ही मुलं दहावी-बारावी झाली, कुणी पदवीधरही झाली. पण सवलत शेवटच्या पेपरच्या घंटेबरोबर संपते. लेखनिक आपल्या घरी जातो. महिन्याभरानं त्याच मुलापुढं नोकरीचा तीन पानी अर्ज येतो आणि वर छापलेलं असतं, ‘स्वहस्ताक्षरात भरावा’.

अर्ज कसाबसा पार पडतो. आई भरते, मित्र भरतो. खरी परीक्षा पुढच्या तीन महिन्यांची असते आणि तिथंच नोकऱ्या जातात. माझ्या अनुभवात त्या काम येत नाही म्हणून क्वचित गेल्या. गेल्या त्या लपवण्यापायी.

कसं, ते पाहा. मॅनेजर रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकतो: उद्या कोण कुठल्या काउंटरला, किती वाजता, कुणाची सुट्टी कुणाला. मुलगी सकाळी बसमध्ये मैत्रिणीला विचारते, ‘काय आलंय गं?’ रोज रोज विचारायची लाज वाटते, म्हणून चौथ्या दिवशी अंदाजानं जाते आणि भलत्या काउंटरला उभी राहते. किंवा शेठ एका दमात चार कामं सांगतात. ‘बँकेत जा, येताना पॅकिंगची टेप आण, गोडाऊनची किल्ली तात्यांना दे, आणि त्या उल्हासनगरच्या पार्टीला फोन लाव.’ पहिलं लक्षात राहतं, शेवटचं राहतं, मधली दोन गळून जातात. संध्याकाळी विचारणा होते. ‘किल्ली दिलीस ना?’ मुलगा घाबरून ‘हो’ म्हणतो, वाटतं धावत जाऊन आत्ता देऊन टाकू. तेवढ्यात तात्याच दारात उभे. त्या क्षणापासून तो विसराळू राहत नाही, खोटारडा होतो. विसराळू माणसाला आपली दुकानं सांभाळून घेतात, वर्षानुवर्षं घेतात. खोटारड्याला एक दिवसही नाही.

ही लपवाछपवी तो तुमच्याकडे येऊन शिकलेला नाही. बारा वर्षं शाळेत तेच शिकला. पानावर बोट फिरवत वाचल्यासारखं करायचं, पाळी आली की पाणी प्यायला जायचं, हाताला लागलंय म्हणून लिहायचं टाळायचं. एक मुलगी साडीच्या दुकानात ‘चष्मा विसरले’ एवढ्या वाक्यावर दोन महिने निभावत होती. तिला चष्माच नव्हता. दिवसभर साड्या विकून तिला दमायला होत नसे. कुणी बिल वाचायला सांगेल या धास्तीनं मात्र ती संध्याकाळी गळून जायची. ज्या माणसाची निम्मी ताकद अशी पहाऱ्यात खर्च होते, त्याच्याकडून तुम्हाला मिळतं ते उरलेलं निम्मं.

इथं मला जपानमधला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही ‘पोका-योके’ हा शब्द सांगावा लागत नाही. पार्ट उलटा बसणारच नाही, चूक व्हायला जागाच राहणार नाही, अशी फिक्स्चरमध्ये केलेली सोय. ही पद्धत नावारूपाला आणणारे शिगेओ शिंगो. आधी तिला ‘बाका-योके’ म्हणत. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. १९६३ साली आराकावा ऑटो बॉडीच्या कारखान्यात एका कामगार बाईला सुपरवायझरनं समजावलं, की उजव्या-डाव्या बाजूचे पार्ट मिसळले जातात म्हणून ही मूर्खांपासून बचावाची सोय केली आहे. बाई रडायला लागली. मी इतकी मूर्ख आहे का, म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कामाला आली नाही. शिंगोंनी नाव बदललं. ‘पोका’ म्हणजे नजरचूक, कुणाच्याही हातून होणारी. यंत्र तेच, सोय तीच. बदलला तो एक शब्द, आणि त्या शब्दाबरोबर चूक माणसाच्या डोक्यातून निघून कामाच्या मांडणीत आली.

उजव्या-डाव्याचा घोळ! माझ्या अर्ध्या मुलांचा हाच घोळ. आणि त्यावरचा उपाय आपल्या एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडमध्ये आज उभा आहे. तिथं व्हर्नियरवरचं माप वाचण्याऐवजी गो–नो गो गेज वापरतात: एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. आकडा वाचायची गरजच नाही. हे कुणी एलडीच्या मुलांवर उपकार म्हणून केलेलं नाही. माल नापास होऊ नये म्हणून केलेलं आहे. टपरीवरचा साउंडबॉक्स घ्या. पैसे आले की मोठ्यानं बोलतो, म्हणजे चहावाल्याला हात पुसून मोबाइल वाचावा लागत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुतेकांना वाचता येत नव्हतं, तेव्हा आपण मतपेट्यांवर चिन्हं लावली आणि सरकार निवडलं. अक्षराला वळसा घालून काम तडीला नेण्यात आपण चांगले पारंगत आहोत. एका बावीस वर्षांच्या पोरासाठी तेच करायला सांगितलं की मात्र आपल्याला ती सवलत वाटते.

त्या स्पेअर पार्टवाल्या मुलाचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पाच महिने घरी होता. दुपारी बारापर्यंत झोपायचा, आईशी भांडायचा. मग एका दुसऱ्या दुकानात लागला. दुकान आणि मागं गॅरेज. मालकांना मी आधीच जाऊन सगळं सांगितलं. ते स्वतः सातवीतून शाळा सोडलेले. म्हणाले, ‘मॅडम, मला तरी कुठं सगळं वाचता येतं?’ त्यांनी दोन गोष्टी केल्या. नंबर सुटा सुटा सांगायचा, ‘नऊ, आठ, दोन, सात’, आणि लिहिल्यावर मुलानं तो परत वाचून दाखवायचा. दुसरं, खणांवरची नावं राहू दिली, पण प्रत्येक खणाला तारेनं त्यातलाच एक जुना पार्ट बांधून टाकला. आता तिथला ६० वर्षांचा हिशेबनीससुद्धा नाव न वाचता खण ओढतो. मुलगा चार वर्षं टिकून आहे. उधारीची वही तो लिहीत नाही. ते काम दुसऱ्याचं. त्या दुसऱ्याला गिअरबॉक्स उघडता येत नाही, आणि त्याबद्दल त्याला आजवर कुणी काही बोललेलं नाही.

नुसत्या गोड गोष्टी सांगितल्या तर ही जाहिरात होईल, म्हणून माझी फसगतही सांगते. ओळखीच्या एका औषधांच्या दुकानात मी एका मुलीला लावलं. जागा रिकामी होती, माणूस भला होता, मी हुरळून गेले. औषधांची नावं एकमेकांची जुळी भावंडं असतात आणि ५ मिलिग्रॅम नि ५० मिलिग्रॅमच्या पट्ट्या शेजारी शेजारी. दुसऱ्याच आठवड्यात चुकीची पट्टी काउंटरवर आली. फार्मासिस्टनं वेळेत पाहिली, गिऱ्हाइकाच्या हातात गेली नाही. पण मुलगी इतकी हादरली की महिनाभर घराबाहेर पडली नाही. चूक तिची नव्हती, त्या दुकानाचीही नव्हती. मी जागा पाहिली, काम पाहिलं नाही. तेव्हापासून मी आधी दुकानात तासभर उभी राहते आणि वाचायची वेळ कुठे कुठे येते ते मोजते. कुठलंही काम कुणालाही जमेल, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि चांगला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, एलडी त्यात नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ते आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव. त्यातला १ टक्का एलडी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. म्हणजे पंगत मोठी, पातेलं लहान. खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण करावं लागतं, पण कोणती पदं द्यायची, निवड कशी करायची, जबाबदारी कुणाची, हे तपशिलानं लिहायचं बंधन वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्यांना. वीसच्या आत सोयीसुविधा लिहिल्या की झालं. आता आपल्या बाजारपेठेकडे नजर टाका. किराणा, कापड, स्वीट मार्ट, गॅरेज, प्रिंटिंग प्रेस, झेरॉक्स, केटरर, फॅब्रिकेशन: वीस माणसं कुणाकडे आहेत? कायदा जिथं हात आखडता घेतो, नेमकी तिथंच आमच्या मुलांची पोटापाण्याची जागा आहे. म्हणून सरकारदरबारी अर्ज न करता मी तुम्हाला लिहिते आहे.

एक मात्र त्या कायद्यातलं सगळ्यांनी उचलावं, ते म्हणजे ‘वाजवी सोय’ ही कल्पना. समोरच्याला काम करता यावं म्हणून मांडणीत केलेला बदल, जो करणाऱ्याला डोईजड होणार नाही. २०२१ साली विकास कुमार या लोकसेवा आयोगाच्या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच धरून निकाल दिला. त्यांना हातानं लिहिता येत नव्हतं आणि प्रमाणपत्रावर ४० टक्के भरत नव्हते म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं, सोय टक्के मोजून द्यायची नसते, गरज पाहून द्यायची. दुकानदाराला हे वेगळं सांगायला नको. तो गिऱ्हाइकाची गरज रोज पाहतो.

तर मागणं असं. यंदाच्या सीझनला जी दोन-चार पोरं घ्याल, त्यात एक जागा लिहिता-वाचताना अडणाऱ्याला द्या, आणि दिवाळीपर्यंत काढू नका. अर्ज भरून घेऊ नका. दोन दिवस काम करवून पाहा आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्या. पगार बाकीच्यांइतकाच. ‘याला थोडं कमी द्या, तेवढंच शिकेल’ असं सुचवणारे बाप मला भेटले आहेत. त्यांचं ऐकू नका.

दुकानातलाच एक समजूतदार माणूस त्याला जोडून द्या. मालक नको, मालकाला विचारायची भीती वाटते. शंका आली तर याला विचार, दहा वेळा विचार, एवढं पहिल्या दिवशी दोघांनाही समोरासमोर बसवून सांगा. काम तोंडानं सांगा, एका वेळी एक, आणि ‘आता तू कसं करशील ते सांग’ म्हणा. सगळं सुरावर आहे, बरं का. तेच वाक्य मास्तरांच्या सुरात आलं की तो पुन्हा सहावीत जाऊन बसेल. ग्रुपवर लांबलचक लिहिण्याऐवजी बोलून पाठवा. मोबाइलवर तेवढ्याच वेळात होतं. पत्ता लिहून देण्याऐवजी दुकानाचा फोटो दाखवा. नंबर सुटे सांगा. रागवायचं असेल तर जरूर रागवा, चुकला तर रागवायलाच हवं, पण गिऱ्हाइकासमोर आणि बाकीच्या पोरांसमोर नको. आणि दिवाळीला वाटलं की नाही जमत, तर मोकळेपणानं सांगून मोकळं करा. फक्त कुठं अडलं ते नेमकं सांगा. ‘डोक्यात शिरत नाही’ याचा आम्हाला उपयोग नाही. ‘वजनकाटा वाचताना चुकतो’ याचा आहे. पुढची जागा शोधताना आम्ही वजनकाटा टाळू.

हाताखाली माणसं घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना माझं एवढंच सांगणं: तुमची ती ऑनलाइन चाचणी, ६० मिनिटांत ६० प्रश्नवाली, ती वाचनाचा वेग मोजते. तुम्हाला वाचनाचा वेग विकत घ्यायचा असेल तर ठीक. नसेल तर मागणाऱ्याला जास्तीचा वेळ द्या आणि मागितल्याची नोंद त्याच्या नावापुढे लाल शाईनं करू नका.

आता आईबाबांशी बोलते, जरा कडकच. प्रमाणपत्र कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलंय, ते काढा. मला कारण माहीत आहे. मुलीला स्थळं येतील तेव्हा काय, मुलाला लोक काय म्हणतील. पण तुम्ही लपवलंत की तोही लपवायला शिकतो, आणि लपवण्याचं पुढं काय होतं ते वर सांगितलं. बोर्डाच्या सवलतीसाठी शाळेतून काढलेला कागद आणि दिव्यांग प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे नीट तपासून घ्या. केंद्रानं २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं, असं ठरवलं होतं. अठरा उलटून गेलेल्या पुष्कळांची ही शेवटची तपासणी राहूनच गेलेली आढळते. सरकारी रुग्णालयात जाऊन चौकशी करा, युडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. आणि मुलगा कामाला लागला की मालकाला दिवसातून तीनदा फोन करू नका. डबा भरून द्या, सकाळी उठवू नका. गजराच्या घड्याळानं उठायला त्याला येतं, त्यासाठी लिहिता-वाचता यावं लागत नाही.

आयटीआय, पॉलिटेक्निक, महाविद्यालयांतल्या सरांनो-बाईंनो, शेवटच्या वर्षाच्या मुलांत लेखनिक घेणारे कोण आहेत हे तुम्हाला ठाऊक असतं. परीक्षा संपल्यावर त्यांना वाऱ्यावर सोडू नका. त्यांच्यातल्या एकेकाला हाताशी धरून एका ओळखीच्या वर्कशॉपपर्यंत चालत जा. प्लेसमेंट सेलच्या कागदी आकडेवारीपेक्षा ती पायपीट जास्त कामाची.

आणि तू, जो हे दुसऱ्याकडून वाचून घेतो आहेस किंवा मोबाइलकडून ऐकतो आहेस. पहिल्या दिवशी मालकाला एवढंच सांग: ‘मला वाचायला-लिहायला वेळ लागतो, शाळेपासून. एकदा करून दाखवलंत की मी विसरत नाही. कळलं नाही तर विचारेन.’ तीन वाक्यं. आरशासमोर म्हणून बघ, पाठ कर. आजारपण सांगितल्यासारखं कुजबुजू नकोस, आणि माफीही मागू नकोस. माझ्याकडच्या ज्यांनी हे पहिल्या दिवशी सांगितलं, त्यांच्यातले काही टिकले, काही नाही. ज्यांनी लपवलं त्यांच्यातलं टिकलेलं कुणी मला पटकन आठवत नाही.

या वेळेला घाई का, तर सीझनला दुकानदार माणूस पारखत बसत नाही, हात हवे असतात. आमच्या मुलांना दार उघडं मिळतं ते वर्षातून याच वेळी. हा सीझन गेला की पुढची पाटी लग्नसराईला, आणि मधल्या महिन्यांत घरी बसलेलं पोर दुपारी बाराला उठायला लागतं. मग त्याला काम शिकवण्याआधी पुन्हा उठायला शिकवावं लागतं. त्यात आणखी एक वर्ष जातं.

पाटी अजून लिहायची असेल, किंवा लिहिलेलीच्या खाली थोडी जागा असेल, तर मजकूर असा करा, अक्षर मोठं आणि सुटं:

कामाला मुलगा किंवा मुलगी पाहिजे.
लिहायला-वाचायला अडत असेल तरी चालेल.
आत येऊन विचारा. अर्ज नको.